योसेफ उठला: नाताळच्या गोष्टीतली क्रियापदे

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वर्षभरापूर्वी तुमचा धाकटा भाऊ गेला. यंदा आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, चार संध्याकाळी नाताळच्या गोष्टीतल्या माणसांवर बोलायला तुमच्या चर्चच्या मंडळीने तुम्हाला सांगितले आहे. मरीयेची आज्ञाधारकता, योसेफाची नीतिमत्ता, मेंढपाळांची नम्रता, पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी मागी लोकांचे औदार्य, हे सगळे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात, संडे स्कूलच्या मुलांना शिकवलेही. पण या वर्षी ते शब्द तोंडातून निघत नाहीत. 'लोकांना काय सांगू, आणि मला स्वतःला यातून काय घेता येईल?' असे तुम्ही विचारले आहे. प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, म्हणून उत्तर जरा लांबेल.

पाळक म्हणून मी सत्तावीस आगमनकाळ या गोष्टीवर बोललो आहे. गोष्ट तशी छोटी: मत्तयाचे पहिले दोन अध्याय आणि लूकचे पहिले दोन. मार्क आणि योहान जन्माची हकिगत सांगतच नाहीत. सुरुवातीची दहाएक वर्षे मीही प्रत्येकाच्या नावापुढे एकेक गुण लिहून संदेश तयार करत असे. लोक मान डोलवत, घरी जात. मग एकदा मुलांच्या वर्गात योसेफाचा भाग वाचत असताना एका मुलीने विचारले, "योसेफ काय म्हणाला?" मी पाने चाळत राहिलो. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचे एकही वाक्य नाही. "मग तो करतो काय?" तिनेच पुढे विचारले. आम्ही फळ्यावर लिहीत गेलो: उठला, घेऊन गेला, नाव ठेवले, ऐकले, भ्याला, जाऊन राहिला. त्या दिवसापासून मी ही गोष्ट क्रियापदांवरून वाचतो. गुण मनात धरून बसावे लागतात आणि ज्याचे मन थकले आहे त्याला ते पेलत नाहीत. क्रियापद मात्र थकलेल्या माणसालाही उचलता येते.

म्हणून योसेफापासूनच सुरुवात करा. मत्तय १:१९ हे एकच वचन घेऊन बसलात तरी एक संध्याकाळ पुरेल. त्या काळी यहूदी वाङ्निश्चय म्हणजे नुसते बोलणे नव्हते. तो मोडायचा तर सूटपत्र द्यावे लागे. वाङ्निश्चय झालेली मुलगी गरोदर आहे आणि मूल आपले नाही, हे योसेफाला कळले. नियमशास्त्रात अशा प्रसंगासाठी फार कठोर शिक्षा सांगितली होती. तो नीतिमान होता आणि तिची बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती, म्हणून त्याने तिला गुपचूप सोडायचे ठरवले, असे मत्तय लिहितो. आता पुढचे वचन पाहा. देवदूत स्वप्नात येतो तो यानंतर. म्हणजे योसेफाने हे ठरवले तेव्हा त्याला खरे काही ठाऊक नव्हते. आपण फसवले गेलो, याच समजुतीत तो होता, आणि तरीही तिला वाचवायचा मार्ग शोधत होता. दया आधी आली, खुलासा मागून आला. हा क्रम मी फार वर्षे नीट पाहिलाच नव्हता.

एकदा एक गृहस्थ माझ्याकडे चार पानांचे पत्र घेऊन आले. मंडळीतल्याच एका कुटुंबाने पैशांच्या व्यवहारात त्यांना फसवले होते. रविवारी उपासना संपल्यावर ते पत्र सर्वांपुढे वाचायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यांची बाजू खरी होती, मी ती नाकारली नाही. हे वचन उघडून पुस्तक त्यांच्यासमोर ठेवले, इतकेच केले. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचले आणि बराच वेळ ते बोट तिथून हलले नाही. मग पत्राची घडी घालून खिशात ठेवली. पैसे त्यांनी मागितले, सोडले नाहीत; पण दोन वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, त्या घरी जाऊन, दार लावून मागितले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगा, कारण या वचनाचा गैरवापर मी पाहिला आहे. घरात मारहाण होत असेल, मुलांवर अत्याचार होत असेल, तर ते 'गुपचूप' ठेवणे योसेफाच्या नावावर खपवता येत नाही. योसेफाने दुबळ्या बाजूची अब्रू राखली. बलवानाचा गुन्हा त्याने झाकला नाही.

पुढे योसेफाला आणखी तीन स्वप्ने पडतात. त्यातले पहिले वाचा: ऊठ, बाळक व त्याची आई यांना घेऊन मिसर देशास पळून जा, आणि मी तुला सांगेपर्यंत तिथेच राहा. किती दिवस, तिथे पोट कसे भरायचे, परत कधी यायचे, यातले काहीच सांगितलेले नाही. 'मी तुला सांगेपर्यंत' एवढीच मुदत. त्यावर मत्तय लिहितो की तो उठला आणि रात्रीच निघाला. सकाळ होऊ दे, असे त्याने म्हटले नाही. देवाने त्याला कधीच पूर्ण नकाशा दिला नाही, प्रत्येक वेळी एकच पाऊल दिले. तुमच्यासारख्या वर्षात अख्ख्या पुढच्या आयुष्याचा विचार करायला गेले की श्वास अडकतो, हे मी जवळून पाहिले आहे. योसेफालाही तेवढा विचार करायला कुणी सांगितले नव्हते.

शेवटचे स्वप्न मला सगळ्यात आवडते. पहिल्या स्वप्नात देवदूत म्हणाला होता, 'भिऊ नकोस.' त्यानंतर इतके सगळे घडले, मिसरला जाऊन माणूस परत आला, आणि २:२२ मध्ये वाचतो तर काय, ज्याच्या भीतीने ते पळाले होते त्या हेरोद राजाच्या जागी त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो आहे हे ऐकून योसेफ यहूदीयात जायला भ्याला. भीती अनाठायी नव्हती. अर्खेलावाचा कारभार इतका जुलमी झाला की इ. स. ६ मध्ये रोमनेच त्याला काढून हद्दपार केले. पण मला सांगायचे आहे ते हे की देव त्या भीतीवर रागावत नाही. 'मी तुला भिऊ नकोस म्हणालो होतो ना' असे कुठे येत नाही. स्वप्नात सूचना मिळते आणि योसेफ गालीलाकडे वळून नासरेथात जाऊन राहतो. त्याची भीतीही वाट दाखवण्याच्या कामी आली. विश्वास असला की भीती उरतच नाही, असे आपण व्यासपीठावरून सहज बोलून जातो. ज्यांच्या घरात मृत्यू होऊन गेला आहे त्यांना ते बोलणे टोचते. त्यांना हे वचन वाचून दाखवा.

मरीयेकडे वळण्याआधी जखऱ्याला घ्या, कारण लूकने दोघांना शेजारी उभे केले आहे आणि एकाशिवाय दुसरे नीट दिसत नाही. जखऱ्या अबीयाच्या वर्गातला याजक. याजकांचे चोवीस वर्ग होते, माणसे पुष्कळ होती, आणि धूप जाळायला पवित्रस्थानात कोणी जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. आयुष्यभर वाट पाहावी अशी ती पाळी. तिथे देवदूत गब्रीएल त्याला सांगतो, तुझी प्रार्थना ऐकली आहे, मुलगा होईल. जखऱ्या विचारतो, "हे कशावरून समजू?" सहा महिन्यांनी मरीया विचारते, "हे कसे होईल?" दोन्ही प्रश्नच आहेत. जखऱ्या पुरावा मागतो, मरीया वाट विचारते. पण जखऱ्याला अविश्वासू ठरवून मोकळे होऊ नका. लूकने आधीच लिहून ठेवले आहे की नवराबायको दोघेही देवाच्या दृष्टीने नीतिमान होते. मूल मागता मागता तो म्हातारा झाला होता. इतकी वर्षे एकच प्रार्थना केल्यावर माणूस ती सवयीने म्हणत राहतो, उत्तराची तयारी मात्र आतून कधीच मोडून ठेवलेली असते. मी स्वतः असे झालेलो आहे.

तो मुका झाला. बाहेर लोक आशीर्वादासाठी ताटकळत होते आणि याजकाला आशीर्वादाचे शब्द उच्चारता येईनात. मूल जन्मल्यावर बाळाचे नाव काय ठेवायचे हे लोकांनी त्याला खुणा करून विचारले, म्हणजे त्याला ऐकूही येत नसावे. त्याने पाटी मागवून लिहिले, 'याचे नाव योहान आहे.' इतके महिने तो शिक्षेत होता, असे बहुतेक वेळा सांगितले जाते. असेलही. पण त्याच काळात घरात त्याच्या बायकोचे, अलीशिबेचे, पोट वाढत होते, मरीया येऊन तीन महिने राहून गेली, आणि तोंड उघडल्यावर त्याच्या मुखातून जे स्तोत्र निघाले ते मंडळी आजही गाते. जो बोलू शकत नाही त्याच्या आत काहीच चालू नाही, असे समजू नये. तुम्ही लिहिले आहे की तुम्हाला प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत. न सुचोत.

आता मरीया. तिच्याबद्दल सगळे 'पाहा, मी प्रभूची दासी' इथे थांबतात. एक वाक्य पुढे जा: मग देवदूत तिच्यापासून निघून गेला. हे वाक्य मी कित्येक वर्षे नुसते ओलांडून गेलो. गब्रीएल निघून गेला आणि लूकच्या गोष्टीत तो तिच्याकडे पुन्हा येत नाही. योसेफाला चार स्वप्ने, मेंढपाळांना आकाशभर देवदूत, मागी लोकांना तारा. मरीयेला एक भेट, आणि नंतर तिला जी खात्री मिळते ती माणसांच्या तोंडून: अलीशिबेकडून, मेंढपाळांकडून, मंदिरातल्या म्हाताऱ्या शिमोनाकडून. म्हणूनच ती लगबगीने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे निघाली असेल. होकार दिल्यावर तिने पहिले काम केले ते हे, की आपले ओझे ज्या बाईला कळेल तिचे घर गाठले.

आणि अलीशिबेचे वागणे पाहा. ही वयस्क बाई, जन्मभर वांझ म्हणून बोलणी ऐकलेली. दारात नात्यातली तरुण मुलगी उभी, लग्न व्हायचे आहे आणि पोटात मूल. खुलासा ऐकण्याआधीच अलीशिबा तिला धन्य म्हणते. कोणाचे, कसे, घरी माहीत आहे का, यातला एकही प्रश्न नाही. सुमारे तीन महिने तिने मरीयेला ठेवून घेतले. तुमच्या मंडळीतल्या प्रौढ बायकांसाठी अख्ख्या नाताळात याहून मोठा धडा मला दिसत नाही: कुणीतरी दारात येईल, तेव्हा तुमचा पहिला शब्द कोणता असेल? हा प्रश्न विचारून तसाच सोडा, उत्तर त्यांना घरी नेऊ द्या.

मरीयेचे आणखी एक क्रियापद तुमच्यासाठी राखून ठेवले आहे. मेंढपाळ येऊन गेल्यावर मरीयेने या सर्व गोष्टींचे मनन करून त्या आपल्या अंतःकरणात ठेवल्या, असे लूक म्हणतो. 'मनन' म्हटले की आपल्याला शांत बसलेली, सगळे उमगलेली मरीया दिसते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वेगवेगळ्या गोष्टी एकत्र टाकणे, एकमेकींशी ताडून पाहणे. तुकडे हातात आहेत, अजून जुळलेले नाहीत, म्हणून एकही फेकायचा नाही. बारा वर्षांनी मंदिरात येशू सापडला तेव्हाही त्याचे बोलणे आईबापांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो, आणि लगेच पुढे म्हणतो की त्याच्या आईने या सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवल्या. न समजणे आणि जपून ठेवणे, दोन्ही एकाच बाईत, एकाच वेळी. भावाच्या जाण्याचा अर्थ काय, असे कुणी तुम्हाला विचारले किंवा, त्याहून वाईट, कुणी सांगायला लागले, तर तुम्हाला अर्थ लावायची घाई नाही हे लक्षात ठेवा.

मध्ये एक बाब सांगून टाकतो, कारण ती दरवर्षी निघते. नाताळच्या नाटकात एका मुलाला उतारशाळेच्या मालकाचे काम देतात आणि तो दार उघडून म्हणतो, 'जागा नाही!' मग आपण सगळे मिळून त्या निर्दय मालकावर संदेश देतो. लूकमध्ये असा मालक नाहीच. 'उतारशाळेत त्यांना जागा नव्हती' एवढे अर्धे वाक्य आहे. तिथला ग्रीक शब्द 'कातालुमा' हाच शब्द लूक पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो, आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या खऱ्याखुऱ्या उतारशाळेसाठी वेगळा शब्द वापरतो. त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात की ही घरातली पाहुण्यांची खोली असावी. ती भरलेली होती, म्हणून बाळाला गव्हाणी असलेल्या भागात ठेवले. तसे असेल तर ते दाराबाहेर हाकललेले कुटुंब नव्हते, गर्दीच्या घरात कसेबसे सामावून घेतलेले होते. बैल आणि गाढवही लूकमध्ये नाहीत. ते येशयाच्या पहिल्या अध्यायातून चित्रांत आले आणि १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हापासून लोकांच्या मनात अधिकच घट्ट बसले. मुलांचा बैल काढून घेऊ नका. पण मोठ्यांना इतके जरूर विचारा: चांगली खोली नाही म्हणून आपण कुणाकुणाला बोलवायचे टाळतो?

मेंढपाळांवर फार वेळ घालवू नका, त्यांच्यावर सगळेच बोलतात. ते समाजात तुच्छ मानले जात, हे आपण ठासून सांगतो, पण लूक तसे कुठे म्हणत नाही. दावीदही बेथलेहेमचा मेंढपाळच होता. मला त्यांचे एकच क्रियापद हवे आहे: परत गेले. आकाश उघडलेले पाहिले, बाळ पाहिले, लोकांना सांगितले आणि मेंढरांकडे परत गेले. ज्या कामावर असताना देवाने गाठले त्याच कामावर, देवाचे गौरव करीत.

तिसऱ्या संध्याकाळी शास्त्र्यांना, म्हणजे नियमशास्त्राच्या जाणकारांना, बोलवा. ते नाटकात कधीच नसतात आणि आपल्यासारख्या वर्षानुवर्षे मंडळीत बसणाऱ्यांना तेच सगळ्यात जवळचे आहेत. मागी लोक यरुशलेमेत आले. राजा जन्मला म्हणजे राजवाड्यात असणार, असा त्यांचा साधा हिशेब. हेरोदाने मुख्य याजक आणि शास्त्री जमवून विचारले, ख्रिस्ताचा जन्म कुठे व्हायचा आहे? त्यांना पुस्तक शोधायचीही गरज पडली नाही. यहूदीयाच्या बेथलेहेमात, मीखा संदेष्ट्याने तसे लिहिले आहे. उत्तर अचूक. बेथलेहेम यरुशलेमेपासून जेमतेम आठ-दहा किलोमीटर, पायी दोन-अडीच तासांची वाट. परके लोक कुठल्या कुठून चालत आले होते आणि आता त्या शेवटच्या आठ-दहा किलोमीटरांवर तेच निघाले. शास्त्र्यांपैकी कुणी त्यांच्याबरोबर गेल्याचे मत्तय लिहीत नाही. त्यांचे क्रियापद एकच: सांगितले. ताई, हे वाचताना माझे पाय जड होतात. मला पत्ता पाठ आहे. सत्तावीस वर्षे मी लोकांना तो बरोबर सांगतो आहे.

मागी लोक तीन होते असे मत्तय म्हणत नाही. भेटी तीन होत्या, त्यावरून परंपरेने माणसे तीन केली. ते गव्हाणीपाशी आले असेही तो म्हणत नाही, ते 'घरात' आले. लूकमधली एक बारीक गोष्ट याच्याशी जोडून पाहा. चाळीस दिवसांच्या शुद्धीकरणानंतर मरीया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा लूक जे अर्पण सांगतो ते होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिले. लेवीयात ही सवलत ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी आहे. म्हणजे मागी लोकांनी आणलेले सोने तोवर त्यांच्या हाती आले नसावे. ज्याला देवाचे कोकरू म्हटले गेले, त्याच्यासाठी त्याच्या आईबापांना कोकरू घेता आले नाही. यावर अधिक काही बोलू नका. सांगा आणि थांबा.

हेरोदावर फार बोलायला मला आवडत नाही, पण त्याला गाळताही येत नाही. यरुशलेमेचे मंदिर भव्य बांधणारा तोच. बेथलेहेमहून दिसेल अशा टेकडीवर त्याने आपला किल्ला उभारला होता. संशयापायी त्याने आपली पत्नी मरियम्ने आणि स्वतःचे तीन मुलगे मारवले, हे इतिहासकार योसेफसने लिहून ठेवले आहे. इ. स. पू. ४ मध्ये तो मेला. आपण त्याला राक्षस ठरवून आपल्यापासून लांब ठेवतो. पण त्याचे क्रियापद ऐका: त्याने गुपचूप बोलावले, तारा दिसल्याची वेळ बारकाईने विचारून घेतली, आणि म्हणाला, मीही येऊन त्याला नमन करीन. आमच्या मंडळीत एकदा एक तरुण पाहुणा प्रचारक आला आणि लोक त्याच्याभोवती जमले. त्या रात्री मी एका वडीलधाऱ्याला फोन करून विचारले, किती जण थांबले होते, कोण कोण होते. शेवटी म्हणालो, त्याच्यासाठी प्रार्थना करायची आहे. फोन ठेवल्यावर मला कळले की मी कुणाच्या आवाजात बोललो. प्रार्थनेची भाषा भीतीच्या अंगावर घालता येते. हे मला हेरोदाने शिकवले, आणि दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला भेटून मी त्याच्या हाती पुढच्या रविवारची उपासना दिली.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते. नाताळच्या गोष्टीत आणखी काही माणसे आहेत, ज्यांच्यावर आगमनकाळात कुणी बोलत नाही: बेथलेहेमच्या आया. हेरोदाने दोन वर्षांचे व त्याहून लहान मुलगे मारवले. मागी लोकांचा हेतू शुद्ध होता, तरी त्यांच्या विचारपूशीनेच हेरोदाला सुगावा लागला होता, याचे मला अजूनही उत्तर सापडलेले नाही. मत्तय ती हकिगत टाळत नाही. तो यिर्मया संदेष्ट्याचे वचन घेतो: राहेल, इस्राएलाची आदिमाता, आपल्या मुलांसाठी रडत आहे, ती सांत्वन पावेना, कारण ती नाहीत. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात याच्या पुढच्याच वचनात देव म्हणतो, रडणे थांबव, तुझी मुले परत येतील. मत्तयाला ते वचन ठाऊक असणारच. पण तो तिथवर जात नाही. तो 'ती नाहीत' इथे थांबतो आणि राहेलला रडू देतो.

मी कितीतरी घरांत दफनविधीनंतर घाईने पुढचे वचन वाचले आहे. आता वाचत नाही. शुभवर्तमानाने, तेही येशूच्या जन्माच्या अध्यायात, सांत्वन नाकारणाऱ्या बाईला जागा करून दिली आहे. तिला कुणी गप्प बसवत नाही, कुणी तिचा विश्वास मोजत नाही. नाताळच्या दिवशी तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर तुम्ही गोष्टीच्या बाहेर पडला आहात असे होत नाही. तुम्ही तिच्या दुसऱ्या अध्यायात आहात.

हन्ना या राहेलच्या जवळ बसते. फनूएलाची मुलगी, आशेर वंशातली. लग्नानंतर सात वर्षे नवऱ्याबरोबर काढली, मग वैधव्य, आणि लूक तिला भेटतो तेव्हा ती ८४ वर्षांची आहे. मधल्या सगळ्या वर्षांवर एक वाक्य: ती मंदिर सोडून जात नसे. त्या वर्षांत तिला काय वाटले, किती रात्री ती प्रार्थना न करताच उठली, हे लूक सांगत नाही. शिमोनाचे शब्द तो देतो, त्याने बाळाला हातांत घेतले, मरीयेला तिच्या जिवातून तरवार जाईल हे सांगितले, तेही देतो. हन्नाचे शब्द मात्र दिलेले नाहीत. ती त्याच घटकेला जवळ आली, आणि जे वाट पाहत होते त्यांना ती त्याच्याविषयी सांगू लागली, एवढेच. ज्यांना वाट पाहणे माहीत होते, त्यांच्याशी ती बोलली. तुमच्या चार संध्याकाळी समोर बसलेल्यांत असे कोण कोण असतील ते मला माहीत नाही. तुम्हाला ते चेहऱ्यांवरून कळेल, यंदा तर नक्कीच.

तेव्हा पहिल्या संध्याकाळी योसेफ, दुसऱ्या संध्याकाळी दोन गरोदर बायका आणि एक मुका याजक, तिसऱ्या संध्याकाळी पत्ता पाठ असलेली माणसे. चौथ्या संध्याकाळी मत्तय २:१६ ते १८ आणि लूक २:३६ ते ३८, एवढेच वाचा. मधे गाणे नको. दोन्ही वाचनांच्या मध्ये दोन-तीन मिनिटे शांत बसा. लोक चुळबुळ करतील, करू द्या. त्या वर्षात ज्यांच्या घरी कुणी गेले असेल त्यांची नावे कुणालाही मोठ्याने घ्यावीशी वाटली तर घेऊ द्या. भावाचे नाव तुम्ही सगळ्यात आधी घ्यायला हवे असे नाही, शेवटी घेतले तरी चालेल.

आणि त्या संध्याकाळी आवाज फुटेना झाला, तर वाचन आधीच एका कागदावर लिहून ठेवा आणि शेजारच्या माणसाच्या हातात द्या. जखऱ्यानेही पाटीच मागितली होती.